दार कोणाच्या ताब्यात? ग्रीक शोकांतिकांमधल्या स्त्रिया : अभिवाचनाच्या संहितेच्या नोंदी

४ जानेवारी

काम नक्की झालं. दीड तासाचं अभिवाचन, मराठीतून, विषय ग्रीक शोकांतिकांमधल्या बायका. संहिता मी करायची, बसवणार दिग्दर्शिका. तिने पहिल्याच बैठकीत यादी पुढे केली: क्लायटेम्नेस्ट्रा, मेडीआ, अँटिगनी, हेक्युबा. यादीत वाईट काही नाही, पण अशा यादीचा कार्यक्रम कसा होतो ते ठाऊक आहे. एकेक जण पुढे येते, गाजलेलं भाषण म्हणते, टाळ्या, पुढची. दोन तेजस्विनी, दोन दुःखी, मध्ये बासरी.

त्यामुळे आधी पसारा किती आहे ते पाहिलं. एस्किलस, सोफोक्लीझ, युरिपिडीस या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या तीन अथेनियन नाटककारांच्या मिळून ३२ शोकांतिका हाती उरल्या आहेत (त्यातल्या एक-दोन खरंच त्यांच्या का, यावर वाद आहे). त्यात एकही स्त्री-पात्र नसलेलं नाटक एकच, सोफोक्लीझचं ‘फिलोक्टेटीस’, इ.स.पू. ४०९ चं. बाकी सगळीकडे बायका आहेत, बोलतात, आणि पुष्कळ बोलतात. सभेत जागा नाही, न्यायालयात तोंड उघडता येत नाही, आणि नाटकात मात्र बोलणं थांबत नाही. संहिता या विसंगतीतून उभी राहिली पाहिजे.

८ जानेवारी

आजचा दिवस अथेन्सच्या कायद्यात गेला. कामाचं तेवढं लिहून ठेवते.

बाईला कायम कोणी ना कोणी ‘किरिओस’, म्हणजे पालक. आधी बाप, मग नवरा, नवरा गेला की मुलगा किंवा भाऊ. एका मेदिम्नोस (धान्याचं माप) जवाहून जास्त किमतीचा व्यवहार तिला स्वतःच्या नावावर करता येत नसे. बापाला मुलगा नसेल तर संपत्ती मुलीबरोबर जायची, आणि ती मुलगी बापाकडच्या जवळच्या नातलगाशी लग्नाला बांधलेली. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीझ, त्याच्या इ.स.पू. ४५१ च्या कायद्याने आई-बाप दोघेही अथेनियन असतील तरच मुलगा नागरिक ठरू लागला. म्हणजे बाईवर राज्याची भिस्त वाढली आणि तिच्यावरचा पहाराही.

त्याच पेरिक्लीझच्या तोंडी इतिहासकार थ्युसिडिडीसने घातलेलं वाक्य: पुरुषांमध्ये जिच्याबद्दल, चांगलं असो की वाईट, कमीत कमी बोललं जातं, तिचा मोठा लौकिक. युद्धात मेलेल्यांच्या विधवांना उद्देशून हे बोललंय. सांत्वनाचा भाग म्हणे.

चित्र अगदीच एकरंगी नव्हतं. नगरदेवता अथेना पोलिअसची पुजारीण शहरातली मानाची व्यक्ती होती, थेस्मोफोरिआचा सण बायकांचाच, आणि मेलेल्यासाठी विलाप करणं हे बायकांचं काम. या विलापालाही सोलोन या जुन्या कायदेकर्त्याच्या कायद्याने आधीच आवर घातला होता. रस्त्यावरचा आक्रोश कायद्याने कमी केला. तोच पुढे शंभर-दीडशे वर्षांनी रंगभूमीवर मोठ्याने ऐकू येतो.

नाटक पाहायला बायका येत की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही झालं तरी नाटककार, नट, कोरस (एकत्र गाणारा-बोलणारा समूह), नाट्यस्पर्धेचे परीक्षक सगळे पुरुष. हे प्रेक्षकांना पहिल्या पाच मिनिटांत कळायला हवं, पण निवेदकाने प्रस्तावना वाचून नव्हे.

१२ जानेवारी

धागा सापडला. दार.

अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनिससचं थिएटर. खाली गोल किंवा चौकोनी मोकळी जागा, तिच्यामागे ‘स्कीनी’ नावाची लाकडी इमारत, आणि इमारतीच्या मध्यभागी दार. बहुतेक शोकांतिकांत तेवढंच नेपथ्य. दाराआड राजवाडा, म्हणजे घर. दाराबाहेर उघडं आकाश आणि हजारो पुरुष. आतलं काही दाखवायचं तर ‘एक्किक्लेमा’ हा चाकांचा पाट दारातून बाहेर ढकलत, त्यावर प्रेतं. ज्या समाजात बाईची जागा दाराआड, त्या समाजाने नाटकाचा सगळा ताण दारावरच आणून ठेवलाय. बाई बाहेर आली म्हणजे काहीतरी बिनसलंय, आणि ती आत गेली की बहुधा कोणीतरी मरणार.

भाषणं कुठली निवडायची, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. प्रत्येकीच्या बाबतीत एकच विचारायचं: दार कोणाच्या ताब्यात आहे? मंचावर एक खरं दार हवं, चौकटीसकट. नेपथ्यवाल्या काकांना फोन केला. “अभिवाचनाला दार कशाला? वाचणार ना तुम्ही?” तरी ते बघतो म्हणाले.

१८ जानेवारी

क्लायटेम्नेस्ट्रा. इ.स.पू. ४५८, एस्किलसची ‘ओरेस्टेइआ’, तीन नाटकांची मालिका. ट्रॉयच्या युद्धाहून परतलेल्या नवऱ्याला, अ‍ॅगमेम्नॉनला, मारणारी आर्गोसची राणी. दाराच्या दृष्टीने तिच्या तोडीचं कोणी नाही.

नाटक उघडतं तेव्हा छपरावरचा पहारेकरी सांगतो की या घरात पुरुषासारखा बेत आखणारी बाई राज्य करते. ट्रॉय पडल्याची खबर इडा पर्वतापासून डोंगराडोंगरावर पेटलेल्या होळ्यांनी आर्गोसला पोचते. ही व्यवस्था तिची, आणि ती म्हाताऱ्या कोरसला एकेका डोंगराचं नाव घेऊन समजावून सांगते. ते भाषण वगळतात सगळे, कारण भूगोल कंटाळवाणा. मी ठेवणार आहे. दळणवळणाची यंत्रणा उभारलेली बाई ती बारकाव्याने सांगते आहे, आणि समोरच्या म्हाताऱ्यांनी आधी विचारलेलं असतं, स्वप्नबिप्न तर पडलं नाही ना?

मग अ‍ॅगमेम्नॉन येतो. ती दारापासून रथापर्यंत मोलाची जांभळी वस्त्रं अंथरते आणि त्याला त्यावरून चालत आत यायला लावते. घरात बायकांनी विणलेली दौलत पायाखाली. तो नको म्हणतो, कचरतो, शेवटी पायताण काढून चालतो. दहा वर्षं लढलेल्या सेनापतीला ती दहा पावलांत हरवते. तो आत गेला की संपलं.

पण दार तिला एकदाच नमत नाही, कॅसांड्रापुढे. ही ट्रॉयहून कैद करून आणलेली भविष्यवेत्ती. ती रथात गप्प बसून राहते. दाराशी ताटकळत राहायला वेळ नाही, असं म्हणून क्लायटेम्नेस्ट्रा आत निघून जाते. मग कॅसांड्रा बोलू लागते, रक्ताच्या वासाने मागे सरकते, त्या दाराला पाताळाचं दार म्हणून हाक मारते, आणि आपल्या पायांनी आत जाते. सगळं कळूनही. एका दाराशी दोन बायका: एक ते चालवते, दुसरी ते ओळखते. संहितेतला पहिला मोठा प्रसंग हाच.

दुसऱ्या नाटकात तिचा मुलगा ओरेस्टिस, बापाचा सूड घ्यायला, आपण मेल्याची खोटी खबर घेऊन त्याच दारावर थाप मारतो. नोकर ओरडतो की मेलेले जिवंतांना मारताहेत, आणि ती लगेच समजते; पुरुष मारणारी कुऱ्हाड आणा म्हणते. मिनिटभरात मुलगा तिला त्याच दारातून आत नेतो. पहिल्या नाटकात नवऱ्याला तिनेच आत नेलं होतं.

तिसऱ्या नाटकात न्यायालय आहे, आईच्या खुनाबद्दल ओरेस्टिसवर खटला. तिथे अपोलो सांगतो की आई ही खरी जन्मदाती नाहीच, ती फक्त बीज सांभाळणारी. पुरावा म्हणून बिनआईची अथेना समोर उभी. मतं समसमान पडतात आणि अथेनाच्या मतावर ओरेस्टिस सुटतो. मी पुरुषाच्या बाजूची, फक्त लग्नाचं सोडून, असं ती स्वतःच म्हणते. हा युक्तिवाद वाचनात घ्यावा का? दिग्दर्शिकेला वाटतं, लोक हसतील. हसू देत. लोकशाहीतल्या न्यायसभेचा गौरव करणाऱ्या नाटकात तो बसवलाय, हे हसून झाल्यावर लक्षात येईल.

२४ जानेवारी

मेडीआवर आठवडा जातोय, आणि जावा.

युरिपिडीस, इ.स.पू. ४३१. नवऱ्याने, जेसनने, दुसरं लग्न केलं म्हणून सूडापायी पोटची पोरं मारणारी. स्पर्धेत युरिपिडीस तिसरा आला, म्हणजे शेवटचा. पहिला एस्किलसचा मुलगा युफोरिऑन, दुसरा सोफोक्लीझ.

आधी ती दिसत नाही, दाराआडून नुसतं रडणं-ओरडणं ऐकू येतं. दाई घाबरलेली. मग ती बाहेर येते आणि आवाज बदललेला असतो: शांत, सभ्य, मुद्देसूद. कोरिंथच्या बायकांनो, तुम्ही मला नावं ठेवू नयेत म्हणून बाहेर आले. पुढचं भाषण जगभर गाजलेलं. भरमसाट हुंडा देऊन नवरा विकत घ्यायचा, तो आपल्या देहाचा धनी. चांगला निघेल की वाईट, कळायला मार्ग नाही. सोडून द्यावं तर बाईची बदनामी. नवऱ्याला घरी कंटाळा आला तर तो बाहेर पडतो, आपण एकाच जीवाकडे बघत बसायचं. म्हणे आम्ही घरात सुरक्षित आणि ते भाल्याने लढतात! एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन उभी राहीन.

आमच्या वाचक ताईंनी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खोलीतल्या सगळ्याच बायका ‘हो’ म्हणाल्या. नेमकं हेच तिला हवं आहे. यातलं जवळपास काहीच तिचं नाही. तिच्या बापाने हुंडा दिलेला नाही. बापाला फसवून, भावाचा जीव घेऊन ती जेसनबरोबर पळून आली. नवरा तिने स्वतः निवडला, उजवा हात हातात घेऊन, राजांमध्ये करार होतो तशी शपथ घेऊन. अथेन्समधल्या साध्या घरच्या बायकोचं गाऱ्हाणं तिने अंगावर चढवलंय. ते गाऱ्हाणं खोटं नाही, आणि तिचंही नाही. भाषणाच्या शेवटी ती हळूच वेगळी होते: तुम्हाला हे शहर आहे, माहेर आहे, मला कोणी नाही. आणि मागणी काय? फक्त गप्प राहा. कोरस कबूल होतो. पुढे पोरं मरेपर्यंत त्या बायका तो शब्द पाळतात.

हे भाषण स्त्रीमुक्तीचा जाहीरनामा म्हणून वाचायचं नाही, आणि ‘बघा किती कपटी’ असंही नाही. खरी तक्रार हत्यारासारखी वापरता येते, हे युरिपिडीसला माहीत आहे. वाचताना ‘तीनदा ढाल’वर थांबायचं नाही. लोक टाळ्या वाजवतील, त्यावरून पुढे जायचं.

मुलांना आईनेच मारणं ही बहुधा युरिपिडीसची भर. दुसऱ्या एका कथेत कोरिंथच्या लोकांनी मारलं होतं. त्यामुळे प्रेक्षकांतल्या काहींना तरी शेवट आपल्याला माहीत आहे असं वाटत असणार.

शेवटी परत दार. जेसन धावत येतो, कड्या काढा म्हणून दारावर थडकतो. प्रेक्षकाला सवय आहे: आता दार उघडेल, पाट बाहेर येईल, प्रेतं दिसतील. दार उघडतच नाही. आवाज वरून येतो. सूर्याने दिलेल्या रथात, यंत्राने उचललेली, मुलांची प्रेतं जवळ घेऊन ती छपरावर: दारं कशाला खिळखिळी करतोस? अ‍ॅरिस्टॉटलने या शेवटाला नाव ठेवलं, उकल यंत्रातून नव्हे, कथानकातून यावी म्हणून. एरवी त्याचं खरं असेल. इथे मात्र उकल दाराच्या नियमातूनच आली आहे: घरातून न बाहेर पडता, दार न उघडता निसटलेली ही एकटी.

आमच्याकडे यंत्र नाही. शिडी पुरेल.

१ फेब्रुवारी

सामूहिक वाचन. प्रश्न निघाला की पुरुष वाचक बाईची भाषणं वाचतील का. मूळ नाटकात तीनच नट सगळ्या भूमिका करत, मुखवटे घालून. सोफोक्लीझच्या ‘ट्रॅखिनिआए’त डेआयनिरा आणि तिचा नवरा हेराक्लीझ समोरासमोर येतच नाहीत, दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्या असाव्यात असं मानतात. नवऱ्याची वाट पाहून मरणारी बायको आणि मग तिच्यामुळे तडफडणारा नवरा, एकाच गळ्यातून.

एक काका म्हणाले, यात नवल काय, बालगंधर्व होतेच की. होते, पण उलट कारणासाठी आठवतात. त्यांच्या भामिनीचं नेसणं घरंदाज बायका उचलत असत. तिथे पुरुष बाई कशी असावी ते दाखवत होता. इथे पुरुष बाईच्या मुखवट्याआडून जे बोलतो ते त्याला घरी ऐकायचं नसतं. वाद रंगला, चहा गार झाला. ठरलं ते असं: डेआयनिरा आणि फीड्रा पुरुष वाचतील, बाकी बायका.

७ फेब्रुवारी

अँटिगनी. सोफोक्लीझ, साधारण इ.स.पू. ४४१. राजा क्रिऑनची बंदी मोडून भावाचं प्रेत पुरणारी, म्हणून मरणाची शिक्षा झालेली मुलगी. सगळ्यांना पाठ असलेलं नाटक, म्हणून थोडक्यात करायचं ठरवलं होतं. होत नाहीये.

सुरुवातच दाराबाहेर: ती बहिणीला, इस्मीनीला, मुद्दाम अंगणाच्या दारापलीकडे आणते, कोणी ऐकू नये म्हणून. बायकांची गुप्त बैठक घरात नाही, बाहेर. इस्मीनी म्हणते, आपण बाया, पुरुषांशी लढायला जन्मलो नाही. पुढे क्रिऑन म्हणतो, ही सुटली तर पुरुष मी नव्हे, ही. आणि दोघींना आत पाठवताना, आता यांनी बायका व्हावं, मोकळं हिंडू नये. नांगराचं वाक्यही त्याचंच: हायमॉनला (त्याचा मुलगा, तिचा होणारा नवरा) नांगरायला दुसरी शेतं आहेत. हे तेव्हाच्या कानाला अश्लील नुसतं नव्हतं. पुढे मेनँडरच्या सुखात्मिकांत बाप मुलगी देताना अधिकृतपणे म्हणतो की औरस संततीच्या नांगरणीसाठी देतो.

मेडीआला ऐकायला बायका मिळाल्या. अँटिगनीचा कोरस थेब्जच्या म्हाताऱ्या पुरुषांचा. शेवटच्या प्रवासात तिच्या बाजूला एकही बाई नाही. इस्मीनीला तिनेच दूर लोटलं. मला ती आवडते, पण तिच्याशेजारी राहायला आवडेल का, शंका आहे.

अडचण तिच्या शेवटच्या भाषणाची. ती म्हणते, नवऱ्यासाठी किंवा पोरासाठी मी हे केलं नसतं. नवरा दुसरा मिळतो, मूल दुसरं होतं, पण आई-बाप गेल्यावर भाऊ पुन्हा होत नाही. जर्मन कवी गटेला हा भाग इतका खटकला की कोणी विद्वानाने तो प्रक्षिप्त ठरवावा असं त्याने बोलून दाखवलं होतं. हेरोडोटसच्या इतिहासात इंटाफर्नीसची बायको इराणचा राजा डरायस याच्यापुढे हाच हिशेब मांडते. दिग्दर्शिका म्हणते, काढ. देवांचे अलिखित कायदे सांगणारी मुलगी एकदम जमाखर्च काय मांडते? मी म्हणते, म्हणूनच ठेवायचा. मरणाच्या दारात एखादी व्यक्ती तत्त्व सोडून खरं कारण शोधते आणि ते ओबडधोबड निघतं. तिचं लग्न व्हायचं आहे, मूल नाही, आणि ती नवऱ्या-मुलाचा हिशेब करतेय. ठेवला.

१० फेब्रुवारी

गप्प जाणाऱ्या. क्रिऑनची बायको युरिडिसी दाराची कडी काढताना बाहेरचं बोलणं ऐकते, मुलगा मेल्याचं सविस्तर ऐकून घेते, अक्षर न बोलता आत जाते. डेआयनिरा तशीच. दोघी तलवारीने जातात. ईडिपसची आई आणि बायको जोकास्टा दोन ओळी बोलते, पुढे कधीच काही बोलणार नाही असं सांगते, आणि गळफास. तिघींचं मरण दाराआड, आपल्यापर्यंत फक्त दुसऱ्याच्या तोंडचं वर्णन. याला भाषण नाही, त्यामुळे वाचकही नको, डेआयनिरालाही. नुसतं दारातून जायचं.

‘एजॅक्स’मध्ये टेक्मेसा सांगते की नवऱ्याने तिला जुनं ठेवणीतलं वाक्य ऐकवलं: बाई, गप्प राहणं हा बाईचा दागिना. अ‍ॅरिस्टॉटलने पुढे ते ‘पॉलिटिक्स’मध्ये गंभीरपणे उद्धृत केलं. नाटकात ते बोलणारा माणूस सेनापतींना मारायला निघालेला असतो आणि भ्रमिष्टपणे गुरं कापून येतो, ही गोष्ट तिथे येत नाही.

१६ फेब्रुवारी

हिपॉलिटस. युरिपिडीस, इ.स.पू. ४२८, पहिलं बक्षीस. फीड्रा सावत्र मुलाच्या, हिपॉलिटसच्या, प्रेमात पडलेली. फीड्राची आधीची, निर्लज्ज आवृत्ती लोकांना रुचली नव्हती म्हणतात, ती हरवली. या आवृत्तीत ती दाराला कान लावून उभी असते आणि आतलं बोलणं ऐकून संपून जाते. मग हिपॉलिटसचं बायकांवरचं भाषण: देवा, बाई हे खोटं नाणं उन्हात कशाला आणलंस, देवळात सोनं ठेवून पोरांचं बीज विकत घेता आलं असतं. पूर्ण घ्यायचं, आणि तरुण मुलाने वाचायचं, फार निर्मळ आवाजात.

अ‍ॅरिस्टोफनीसच्या इ.स.पू. ४११ च्या एका विनोदी नाटकात बायका युरिपिडीसवर खटला भरायला निघतात, आमची बदनामी करतो म्हणून. गंमत अशी की त्यांची तक्रार खोटं लिहितो ही नाहीच मुळी. नवरे आता सावध झालेत, ही आहे.

२१ फेब्रुवारी

‘ट्रोजन विमेन’. युरिपिडीस, इ.स.पू. ४१५, दुसरा क्रमांक. ट्रॉय पडल्यानंतरची, कैद झालेल्या बायकांची गोष्ट. आदल्या हिवाळ्यात अथेन्सने मेलोस बेट घेतलं, पुरुष मारले, बायका-मुलं गुलाम केली. ते करणारे प्रेक्षकांत बसले होते.

इथे स्कीनी म्हणजे कैदी बायकांचा तंबू. घर उरलेलं नाही. ट्रॉयची राणी हेक्युबा जमिनीवर पडलेली असते. तिच्या सुनेचं, अँड्रोमॅकीचं, भाषण माझ्या मते सगळ्या संहितेची खीळ आहे: मी घरातच राहिले, बाहेर जायची हौस मारली, बायकांचं चटकदार बोलणं आत येऊ दिलं नाही, नवऱ्यापुढे जीभ आवरली, नजर शांत ठेवली. आणि याच गोष्टीची कीर्ती शत्रूच्या छावणीत पोचली, म्हणून अकिलीसच्या मुलाने मला मागून घेतलं. पेरिक्लीझचा सल्ला तंतोतंत पाळलेली बाई ही. थ्युसिडिडीसचं वाक्य लगेच आधी ठेवलं, निवेदन न करता.

२५ फेब्रुवारी

क्रम लागला: क्लायटेम्नेस्ट्रा-कॅसांड्रा, अँटिगनी, गप्प जाणाऱ्या तिघी, फीड्रा, मेडीआ, अँड्रोमॅकी. अगावी आणि तिचं नाटक ‘बॅकी’ वगळलं. मागावरून उठून डोंगरावर गेलेल्या बायकांना दाराची गोष्टच लागू होत नाही, त्यांचा स्वतंत्र कार्यक्रम करावा लागेल. ‘ट्रोजन विमेन’मधला हेलनचा वादविवादही गेला, वेळेअभावी. वाईट वाटलं.

सोफोक्लीझच्या हरवलेल्या ‘टेरिअस’मधला त्याच्या बायकोचा, प्रॉक्नीचा, तुकडा मात्र शिरवलाय, अँटिगनीनंतर. बापाच्या घरी पोरी सुखात असतात, मग जाणत्या झाल्या की बाहेर ढकलल्या जातात, कोणी परक्यांकडे, कोणी आनंद नसलेल्या घरी. आणि एका रात्रीनंतर हे चांगलं म्हणायचं. बारा-एक ओळी. नाटक गेलं, एवढं राहिलं. वाचायला सव्वा मिनिट.

अँड्रोमॅकीच्या आधी दार मंचावरून हलवायचं आहे. चौकटीला चाकं लावायची की दोन माणसांनी उचलून न्यायचं, ते काका उद्या सांगणार.